बांध कुणाचा?

आमच्या आजाला घड्याळ कळत नव्हतं. पण भरतीची वेळ विचारली आणि तो चुकला, असं कधी झालं नाही. त्याचा हिशोब सोपा होता. आज तिथी कोणती, तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. दुपारची एक आणि रात्रीची एक, दोन्ही त्याच आकड्याच्या आसपास. अर्धा तास इकडे, अर्धा तास तिकडे. खाडीकाठच्या माणसाला एवढं पुरतं.

पावसाळ्यात आजा रात्रीचा उठायचा, कंदील घ्यायचा, खांद्यावर घोंगडी टाकायचा आणि बांधावर जायचा. मी लहान, मला वाटायचं हा मासे मारायला जातो. एकदा हट्ट करून मागे लागलो. बांधावर पोचल्यावर त्यानं काहीच केलं नाही. उघाडीपाशी उकिडवा बसला, कान लावून ऐकलं, बांधाच्या आतल्या अंगाला हात फिरवला आणि म्हणाला, “चल घरी.” मी विचारलं, “एवढ्यासाठी आलो?” तर म्हणाला, “दर्याला सुट्टी नाय, मग आपल्याला कशी?”

ते वाक्य मला समजायला तीस वर्षं लागली. तोवर आमचं शेत गेलेलं होतं.

आमचा मुलूख म्हणजे खारेपाट. अलिबागहून पेणकडे निघालात आणि पोयनाड मागे टाकलंत की दोन्ही बाजूंना डोळा पोचेल तिथवर सपाट जमीन दिसते. पावसाळ्यात हिरवी, उन्हाळ्यात भेगाळलेली, मधूनमधून मिठाची पांढरी पापुद्री आलेली. पुढे धरमतरच्या पुलावरून अंबा नदीची खाडी ओलांडता. तो पूल ओलांडणाऱ्या बहुतेकांना एक गोष्ट माहीत नसते. उधाणाच्या भरतीला त्या खाडीचं पाणी शेजारच्या भातशेताहून वर असतं. मध्ये असतो तो फक्त मातीचा बांध. आम्ही त्याला बाहेरकाठा म्हणतो. तो आहे म्हणून शेत आहे. तो नसेल तर तिथं दिवसातून दोनदा खाडी आहे.

म्हणजे ही जमीन देवानं दिलेली नाही. कुणीतरी गुडघाभर चिखलात उभं राहून ती खाडीकडून मागून घेतलेली आहे. खाडीच्या चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत, एकावर एक रचत बांध घातला गेला. आतल्या जमिनीवर दोन-तीन पावसाळे नुसते जाऊ दिले. पावसाच्या पाण्यानं मीठ विरघळायचं आणि ते पाणी उघाडीतून बाहेर सोडायचं. मग कुठे भात.

ही उघाडी फार शहाणी वस्तू आहे. बांधाच्या पोटातून एक दगडी मोरी, आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली लाकडी झडप. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीचंच पाणी झडप दाबून धरतं आणि स्वतःची वाट बंद करून घेतं. माणसानं फक्त एवढंच बघायचं की झडपेत ओंडका अडकलेला नाही, लाकूड कुजलेलं नाही, फट राहिलेली नाही. आजा रात्री कान लावून ऐकायचा तो याच फटीचा आवाज.

भातही इथलं वेगळं. गोड्या जमिनीत नांगरट चांगली म्हणतात, पण खाऱ्या जमिनीत खोल नांगरलं तर खालचं मीठ वर येतं. म्हणून आमच्याकडे बी भिजवून, मोड आणून चिखलात फेकायची रीत. त्याला रहू म्हणतात. आणि बी रत्याचं. काळा रता, भुरा रता, तांबड्या दाण्याचे भात. दिसायला ओबडधोबड, पण थोडं मीठ सोसणारे. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं पनवेल-१, पनवेल-२ अशी नवी बियाणी दिली, ती आमच्याकडेही आली. पण कोणतंही बी घ्या, त्याची मीठ सोसण्याची ताकद अंगावर घाम येण्याएवढी असते, बुडून राहण्याएवढी नसते. शेवटी सगळं बांधावर येऊन थांबतं.

आता प्रश्न असा की हा बांध राखायचा कुणी? आमच्या भागाचा सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे, असं मला वाटतं.

१८८३ साली इंग्रज सरकारनं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटिअर छापलं. आजचा रायगड तो तेव्हाचा कुलाबा. त्यात या खारजमिनींचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक शिलोत्री. ज्या घराण्यानं मूळ बांध घातला ते शिलोत्रदार. बांधाची दुरुस्ती त्यांनी बघायची आणि त्याबद्दल कुळांकडून भाताच्या रूपानं हक्क घ्यायचा. दुसरा प्रकार कुळारग. तिथं असा कुणी मालक नाही. ज्यांची ज्यांची जमीन बांधाच्या आत, त्या सगळ्यांनी मिळून बांध राखायचा. म्हणजे एकीकडे बांध घराण्याचा, दुसरीकडे बांध सगळ्यांचा. पण दोन्हीकडे बांध कुणाचा, हे लहान पोरालाही माहीत होतं.

याचा अर्थ जुनं सगळं सोन्याचं होतं असा मात्र घेऊ नका. मीही तरुणपणी तसा घेतला होता. एकदा आजीसमोर म्हणालो, “पूर्वी किती एकी होती नाही?” आजी चुलीशी बसली होती. तिनं फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाली, “एकी व्हती तं खरीच. चिखल आमचा आन भात खोताचा, आशी एकी व्हती.”

खोत-सावकारांचा तो काळ. बांधावर कूळ राबणार, खांड गेली तर कूळ धावणार, आणि खळ्यावरचं भात मात्र सावकाराच्या कोठारात जाणार. वर नाना प्रकारची देणी, वेठ वेगळी. याच पट्ट्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी, २७ ऑक्टोबर १९३३ ला शेतकऱ्यांची सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी संप पुकारला. गिरणीतला संप लोकांना ठाऊक होता. इथं शेतकऱ्यांनी शेत कसायलाच नकार दिला. पंचवीस गावं त्यात उतरली आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! जमिनी ओस राहिल्या. माझी आजी तेव्हा नवी नवरी. ती सांगायची, डोंगरातून मोळ्या आणून विकल्या, खाडीतल्या चिंबोऱ्या आणि निवट्यांवर दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं.

या लढ्याचं फळ हळूहळू आलं. १९४८ साली कूळकायदा झाला आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्तीनं १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारा जमिनीचा मालक ठरला. आमच्या आजाच्या नावावर सातबारा चढला. तो कागद त्यानं देव्हाऱ्यात ठेवला होता. वाचता येत नव्हतं, पण दसऱ्याला त्याला फूल वाहायचा.

याच १९४८ साली आणखी एक कायदा झाला, तो कुणाच्या फारसा लक्षात नाही. मुंबईचा खारजमिनी कायदा. खारजमिनींचे बांध घालणं आणि दुरुस्त करणं यासाठी सरकारनं मंडळ नेमलं. पुढे १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला आणि बांधांची कामं सरकारकडून होऊ लागली. हेतू चांगलाच होता. सावकार गेला, शिलोत्रदार गेला, मग एवढ्या लांबलचक बांधाचा खर्च गरीब शेतकऱ्यानं कुठून करायचा? सरकारनं दगडाची पिचिंग केली, सिमेंटच्या उघाड्या बांधल्या, लोखंडी झडपा बसवल्या. त्यानं कितीतरी जमीन वाचली, हे नाकारलं तर ते खोटं होईल.

पण या दोन कायद्यांच्या मध्ये एक फट राहिली. जमीन आमची झाली तेव्हा बांध आमचा राहिला नाही. पूर्वी बांध आमच्या हातात होता आणि जमीन दुसऱ्याची होती. आता जमीन आमची आणि बांध सरकारचा. दोन्ही एका हातात असे फारच थोडी वर्षं होते. ती थोडी वर्षं मी पाहिली आहेत.

मी तिसरी-चौथीत असेन. नारळी पौर्णिमेचं उधाण. मध्यरात्री कुणीतरी थाळी बडवत वाडीतून पळत गेला, “बांद गेला! बांद गेला!” चिंबोरीच्या बिळातून पाणी लागलं होतं आणि बघता बघता दोन हात रुंद खांड पडली. घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, ही गावकीची रीत. ज्याचा माणूस येणार नाही त्याला दंड. पण त्या रात्री दंडाची आठवण कुणाला करावी लागली नाही. आमच्या घरातून आजा, बाबा आणि काका, तिघेही गेले.

उधाणात खांड बुजत नाही. भरतीचं पाणी आत घुसतं, ओहोटीला तेच पाणी दुप्पट जोरानं बाहेर पडतं आणि दोन्ही वेळा कडा कातरतं. म्हणून आधी दोन्ही कडांना खुंट ठोकून खांड वाढू द्यायची नाही, आणि भांगाची वाट बघायची. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस, भरती-ओहोटी दोन्ही मंद. आठ दिवस बाप्ये आळीपाळीनं राखण करत होते. बायकांनी पेंढ्याचे भारे नेऊन टाकले. अष्टमीला ओहोटी लागल्याबरोबर चाळीस-पन्नास माणसं रांगेत उभी राहिली. चिखलाचा गोळा या हातातून त्या हातात. खुंटांच्या दोन ओळी, मध्ये पेंढा, त्यावर चिखल, वरून पायानं तुडवणं. भरती चढायच्या आत बांध माणसाच्या कमरेएवढा आला पाहिजे, नाहीतर सगळं वाहून जाणार. आला.

पण आमचं काम तिथं संपलं नाही. आत साचलेलं खारट पाणी ओहोटीला उघाडीतून काढलं. मग उघाडी बंद ठेवून पावसाचं पाणी शेतात भरू दिलं, दोन दिवस ठेवलं, पुन्हा सोडलं. असं तीनदा केलं. प्रत्येक वेळी आजा पाणी जिभेला लावून बघायचा. “मचूळ हाय अजून,” म्हणायचा. तिसऱ्या वेळी काही बोलला नाही, तेव्हा कळलं की झालं. उतारावरचं भात गेलं, पण वरच्या अंगाचं निम्मं तगलं. त्या वर्षी आम्ही दिवाळीत करंज्या खाल्ल्या, थोड्या कमी.

आता दुसरी खांड. हे सांगताना मला जड जातं.

१९८९ च्या जुलैत अंबा नदीला मोठा पूर आला. जांभूळपाड्याचा तो भयंकर पूर अजून रायगडात कुणी विसरलेलं नाही. आम्ही त्याच नदीच्या तोंडाशी. पुराचं पाणी खाली आलं, आमचा बांध भिजून फुगला, ठिकठिकाणी खचला. तरी त्या दिवशी तो टिकला. आठवड्यानं आषाढी अमावास्येचं उधाण आलं आणि मग गेला. पहिल्या दिवशी खांड एवढीच होती की पोरं उडी मारून ओलांडत होती.

आजा वारला होता. बाबा साठीला आलेले. काका मुंबईला गोदीत. मी प्राथमिक शिक्षक, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला नोकरी. बातमी कळल्यावर रविवारी घरी आलो. गावची सभा बसली होती. माझा एक चुलता म्हणाला, “बांध सरकारी. आपण हात लावला आन उद्या म्हनले का तुमीच फोडला, तं?” दुसरा म्हणाला, “कंत्राटदार येल, मशीन आनंल.” सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनीही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं अक्षर चांगलं.

मी अर्ज लिहिला. सह्या आणि अंगठे घेतले. एक अर्ज, दुसरा अर्ज, स्मरणपत्र. पाहणी झाली, मोजमाप झालं, अंदाजपत्रक झालं. कागद फिरत राहिले आणि भांगामागून भांग येत-जात राहिले. त्या सभेच्या दुसऱ्याच आठवड्यात अष्टमी होती. चाळीस माणसं गावात होती. चिखल होता, पेंढा होता. दिवसभराचं काम होतं. मी त्या दिवशी शाळेत बसून अर्जाची नक्कल उतरवत होतो.

दिवाळीपर्यंत खांडीतून होडी जाऊ लागली. काम मंजूर झालं तोवर अंदाजपत्रकातली रुंदी मागे पडून खांड तिच्या पुढे गेली होती. दोष एका कुणाचा म्हणू? ज्यांच्याकडे काम होतं त्यांनी उशीर केला, हे खरंच आहे. पण समुद्र अर्ज वाचत नाही, हे आम्हाला माहीत होतं. त्यांना माहीत नसेल, आम्हाला माहीत होतं.

बांध गेल्यावर शेतात आधी चिखल आला, मग तिवरांची रोपं. पाच-सहा वर्षांत माणसाच्या उंचीची झाली. पुढे २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवन तोडायला मनाई केली आणि २०१८ च्या निकालानं ते संरक्षण पक्कं केलं. आता सातबाऱ्यावर भातशेती आणि जमिनीवर जंगल. आत कोयता न्यायचा नाही. मी न्यायालयाला दोष देत नाही. तिवरं नसती तर किनारा कधीच खचला असता, हे आमच्या म्हाताऱ्यांनाही कळत होतं. बांधाच्या बाहेर, खाडीकडच्या अंगाला तिवरांचा पट्टा ते मुद्दाम राखायचे. लाट आधी त्यांनी सोसायची, मग बांधानं. फक्त तिवर बाहेर आणि भात आत, अशी त्यांची वाटणी होती. ती वाटणी बांधानं सांभाळली होती. बांध गेला आणि वाटणी मोडली.

निवृत्तीनंतर एकदा गोव्याला गेलो तेव्हा दिवाडी बेटावर असंच दृश्य पाहिलं आणि पाय थांबले. तिथं या जमिनींना खाजन म्हणतात, आमच्या उघाडीला ते मानस म्हणतात. झडप तीच, काम तेच. पूर्वी तिथल्या गावकऱ्या, म्हणजे पोर्तुगीज काळातली कोमुनिदादी, बांध राखायच्या आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव व्हायचा. पुढे १९६४ च्या कूळकायद्यानं बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. तिथली दुखणीही आमच्या ओळखीची निघाली. लिलाव घेणाऱ्याला मासळी जास्त हवी, म्हणून तो मानस जास्त वेळ उघडी ठेवतो आणि शेतात खारं पाणी चढतं. एकाच दारावर दोघांचं पोट, एकाला पाणी आत हवं, दुसऱ्याला बाहेर. ते दार कधी आणि किती उघडायचं, हे ठरवणारं कुणीतरी गावात बसलेलं लागतं. दार कितीही चांगलं बनवा, ते स्वतः ठरवत नाही.

हल्ली धरमतरच्या खाडीत मोठाल्या बार्जा ये-जा करतात, त्यांच्या लाटा रोज बांधावर आपटतात. समुद्राची पातळीही वाढते आहे. जमीन विकत घेणारे दर महिन्याला गाडीतून येतात, शेत ओस पडलेलं असेल तर भाव पाडून मागतात. या सगळ्याशी एकट्या गावानं झुंजावं असं मी म्हणणार नाही. दगड, सिमेंट, पैसा सरकारनंच दिला पाहिजे, तो मागण्याचा आमचा हक्क आहे आणि तो सोडू नये. माझं म्हणणं एवढंच की राखण दुसऱ्याकडे देता येत नाही. ज्याच्या ताटात भात जाणार त्यानंच रात्री कान लावून ऐकायला हवं.

आमच्या गावाच्या पूर्वेकडचा बांध अजून उभा आहे. त्याच्या आत सोळा घरांचं भात पिकतं. माझं त्यात काही नाही, माझ्या पुतण्याच्या सासऱ्याचा एक तुकडा आहे, तेवढंच. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी त्या उघाडीच्या झडपेत लाकूड अडकलं आणि रात्रभर पाणी आत येत राहिलं. सकाळी पोरांना दिसलं. त्या पोरांनीच ते काढलं आणि संध्याकाळी माझ्याकडे आली. “गुरुजी, आजोबा भरतीची वेळ कशी काढायचे?” मी सांगितलं, तिथीची पाऊणपट. मोबाईलवर ताडून बघितलं त्यांनी. जवळजवळ बरोबर निघालं, तेव्हा हसली.

मग आम्ही एक तक्ता केला. ज्येष्ठ ते कार्तिक, रोजची तिथी, रात्रीच्या भरतीची वेळ आणि पुढे घराचं नाव. ज्याची पाळी त्यानं भरतीच्या वेळी बांधावरून एक फेरी मारायची. बीळ दिसलं तर दुसऱ्या दिवशी बुजवायचं, खांडीची वाट बघायची नाही. तक्ता शाळेच्या भिंतीवर लावला आहे. लिहिला मी, कारण माझं अक्षर चांगलं.

सोळा घरांत सतरावं नाव मी माझं घातलं. पोरं म्हणाली, “गुरुजी, तुमचं तर शेत नाही तिथं.” मी म्हटलं, असू दे. या पंधरवड्यात माझी पाळी एकादशीला आहे. अकराची पाऊणपट, सव्वाआठ. जेवण लवकर उरकून निघेन म्हणतो.